विहिरीच्या भिंतीत दिसतो तो ज्वालामुखी

गेल्या अंकात कळवल्याप्रमाणे या वेळी फक्त ज्वालामुखीवरचे प्रश्न घेते आहे. पत्रं भरपूर आली, बार्शीच्या एका शाळेतून तर अख्ख्या वर्गाचा गठ्ठा आला. नवीन वाचकांसाठी सांगते, मी सोलापूरची. भूजलाच्या सरकारी खात्यात माझी तीस वर्षं गेली आणि त्या काळात जिल्ह्यातल्या शेकडो विहिरींत उतरले. ज्वालामुखीची माझी ओळख तिथेच झाली, म्हणून उत्तरंही विहिरीपासूनच सुरू होतात.

प्रश्न : रानात विहीर खोदतोय. काळा पाषाण फोडत पाच परस खाली गेलो, तर विटकरी रंगाचा, हाताला मऊ लागणारा दीड फुटाचा थर लागला. गावातली माणसं म्हणतात ही ज्वालामुखीची राख आहे, खाली जाऊ नका. काम थांबवलंय. काय करू? (एक शेतकरी, मोहोळ तालुका)

काम चालू करा, दादा. थर घाबरण्यासारखा नाही. उलट पाण्याच्या दृष्टीने ती बरी खूण आहे.

आपल्याकडची विहीर वरून खाली वाचत जायची असते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग घण मारला की खणकन वाजणारा काळा पाषाण. हे तिन्ही एकाच घरातले. पाषाण झिजला की मुरूम होतो, मुरूम आणखी झिजला की माती. आणि पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस. शास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात. म्हणजे गावातली माणसं ज्वालामुखी म्हणाली ते बरोबरच आहे, फक्त तो तुम्हाला पाच परस खाली भेटलेला नाही. तुम्ही पहिल्या कुदळीपासून त्याच्यातच खोदताय.

तुमच्या थराचा भाऊबंद मी पहिल्यांदा पाहिला तो १९८४ साली, मंगळवेढ्याच्या बाजूला. दोराला बांधलेल्या पाटीत बसवून मला खाली सोडलं होतं. नोकरी नवी, आणि विहिरीत बाई उतरतेय म्हणून काठावर निम्मं गाव गोळा झालेलं. अर्ध्यावर आल्यावर भिंतीत तो लाल पट्टा दिसला, कुणी गेरूचा हात फिरवावा तसा सरळ. बोट लावलं तर बोट लाल झालं. पट्ट्याच्या वरचा पाषाण घट्ट, एकसंध. पट्ट्याच्या खालचा मात्र भोकाभोकांचा, आणि भोकांत पांढरे दाणे. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्या दिवशीच्या नोंदवहीच्या पानावर माझ्या बोटाचा लाल ठसा अजून आहे.

आता हे कसं घडलं ते बघा. लाव्ह्याचा एक लोट आला, पसरला, थंड झाला. त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढत होता, तोवर वरचा भाग थिजला आणि बुडबुडे जागच्या जागी अडकले. तो मांजऱ्या. पुढे कितीतरी वर्षं काहीच झालं नाही. ऊन, पाऊस, वारा यांनी त्या खडकाची माती केली. मग दुसरा लोट आला आणि त्या मातीवरून गेला. वितळलेला बेसाल्ट अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअसचा असतो. खालची माती वीटभट्टीत भाजावी तशी भाजली, आधीच गंजू लागलेलं लोह आणखी लाल झालं. काही ठिकाणी अशा थरात राखेचाही अंश असतो, पण बहुतेक ठिकाणी ती जुन्या जमिनीची भाजलेली माती असते. दादा, तुम्ही ज्यावर पाय ठेवून उभे आहात ती जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची उघडी जमीन आहे.

दोन लोटांच्या सांध्यावर आणि मांजऱ्यात भेगा असल्या की पाणी धरून राहतं, म्हणून मी बरी खूण म्हटलं. एक काळजी मात्र घ्या. लाल थर पाण्याने भिजला की ढासळतो. तेवढ्या भागाला बांधून घ्या, आणि खाली माणसं असताना वर नजर ठेवायला एक जण हवाच.

याच शेतकरीदादांनी पत्राच्या शेवटी विचारलंय की मग तो डोंगर कुठे आहे, ज्यातून हे सगळं आलं? चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराचा डोंगर इथे नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस वर आला. माणसांनी पाहिलेलं त्याचं लहानसं रूप म्हणजे आइसलंडमधला लाकी. १७८३च्या जूनमध्ये तिथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग पेटली आणि आठ महिने वाहत राहिली. जनावरं मेली, दुष्काळ पडला, आणि त्या देशातली सुमारे पाचातली एक व्यक्ती दगावली. आपल्याकडे याच्या कितीतरी पट मोठे लोट एकावर एक येत राहिले. आज त्यांनी व्यापलेला प्रदेश पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि मुळात तो याहून बराच मोठा होता. पश्चिमेला ही रास जाड, पूर्वेकडे पातळ होत जाते. कोयनेच्या परिसरात खोल छिद्रं घेतली तेव्हा बेसाल्ट काही ठिकाणी बाराशे मीटरहून जाड निघाला. किल्लारीला तो ३४० मीटरच्या आसपास संपतो आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा फार पुरातन खडक लागतो. आपण या दोन्हींच्या मध्ये.

एवढ्या दूरवर लाव्हारस वाहतो कसा, याचं उत्तर दुधाच्या पातेल्यात आहे. वर साय धरली की खालचं दूध गरम राहतं. लाव्ह्यावरही थिजलेली साय धरते आणि तिच्याखालून गरम रस पुढे सरकत राहतो. आंध्रात राजमहेंद्रीजवळ जो बेसाल्ट आहे, तो सह्याद्रीच्या बाजूने सुमारे हजार किलोमीटर वाहत गेला असं अभ्यासक मानतात. आपल्या सोलापुरात तेलुगू घरं पिढ्यान् पिढ्या मागावर बसली, त्यांच्या मुलखाकडे आपला खडक माणसांच्या कितीतरी आधी जाऊन आलाय, हे मला फार आवडतं.

प्रश्न : पृथ्वीच्या पोटात लाव्हारसाचा समुद्र आहे का? असेल तर तो सगळीकडून बाहेर का येत नाही? आणि काही ज्वालामुखी नुसते वाहतात, काही फुटतात, असं का? (इयत्ता नववी, बार्शी)

बाळांनो, समुद्र नाही. आपल्या पायाखालचं कवच तीस-चाळीस किलोमीटर जाडीचं, त्याखाली जवळजवळ २९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण. हे प्रावरण घन आहे. भूकंपाच्या लहरींत एक जात अशी आहे जी द्रवातून जाऊच शकत नाही. ती प्रावरणातून आरपार जाते, म्हणून आपल्याला हे ठामपणे सांगता येतं. द्रव आहे तो त्याच्याही खाली, गाभ्याच्या बाहेरच्या भागात, आणि तो लोहाचा. तो ज्वालामुखीतून बाहेर येत नाही.

मग प्रावरणात शंभर किलोमीटर खाली हजार-तेराशे अंश उष्णता असूनही खडक वितळत का नाही? कारण वरून प्रचंड दाब आहे. कुकरमध्ये दाबामुळे पाणी शंभर अंशांनंतरही उकळत नाही, तसंच. तो दाब कमी झाला की खडकाचा थोडा भाग वितळतो. भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथे खालचा खडक वर सरकतो, त्याच्यावरचा दाब घटतो आणि रस सुटतो. समुद्राच्या तळाशी हे सतत चाललेलं असतं. काही ठिकाणी खोलवरून जास्त तापलेला खडकच वर चढत येतो. आपल्या दख्खनचं तसं झालं, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे.

दुसरी रीत पाण्याची. जपान, इंडोनेशिया किंवा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचा तळ जमिनीखाली बुडत जातो आणि आपल्यातलं पाणी खोलवर घेऊन जातो. ते पाणी वरच्या तापलेल्या खडकात शिरलं की तो कमी उष्णतेलाच वितळतो. आईस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकलं की बर्फ लवकर विरघळतो ना, मीठ जे बर्फाचं करतं तेच पाणी खडकाचं करतं.

आता वाहणं आणि फुटणं. आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरात आईजवळ उभे राहा, हात मात्र लांब ठेवा. एका शेगडीवर आमटी, दुसऱ्या शेगडीवर पिठलं. आमटी उकळते तेव्हा बुडबुडे येतात आणि सहज निघून जातात. पिठल्यात काय होतं? खालची वाफ वर येऊ पाहते, पण पीठ घट्ट. पृष्ठभाग एका जागी फुगतो, क्षणभर तसाच राहतो, मग फट् करून फुटतो आणि शिंतोडा थेट मनगटावर. माझ्या उजव्या मनगटावर असा एक जुना डाग आहे.

लाव्हारसाचा घट्टपणा ठरतो मुख्यतः त्यातल्या सिलिकावर, म्हणजे वाळूचा जो मूळ घटक त्याच्यावर. बेसाल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास, म्हणून तो आमटीसारखा वाहतो. सिलिका सत्तर टक्क्यांवर गेली की रस पिठल्याहून कितीतरी घट्ट होतो. त्यात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतातच. रस वर येतो, दाब उतरतो, वायू सुटतो, पण बाहेर पडायला वाट नाही. मग सगळा रसच फेसासारखा फुगून चिंध्याचिंध्या होतो. त्या चिंध्या म्हणजे ज्वालामुखीची राख. आपण तिला राख म्हणतो, पण त्यात जळलेलं काही नसतं. ती खडकाची आणि काचेची बारीक पूड असते. १८८३च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ असा फुटला, त्याचा आवाज ४८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. ३६ हजारांहून जास्त माणसं मेली, बहुतेक समुद्राच्या लाटांनी.

तुमच्या वर्गातल्या एका मुलीने पुरवणी प्रश्न लिहिलाय, 'माणसं लाव्ह्यातून पळू शकत नाहीत का?' लाव्ह्यापासून बहुधा पळता येतं, बाळ. माणसं मरतात ती इतर गोष्टींनी. कोलंबियात १३ नोव्हेंबर १९८५च्या रात्री नेवाडो देल रुइस फुटला. स्फोट फार मोठा नव्हता, पण शिखरावरचं बर्फ वितळलं, राखेत आणि मातीत मिसळलं आणि काँक्रीटसारखा चिखल नद्यांतून खाली आला. आर्मेरो नावाचं गाव त्याखाली गेलं. एकूण २३ हजारांच्या आसपास माणसं गेली. धोका कुठे आहे हे दाखवणारा नकाशा महिनाभर आधी तयार होता. चिखल पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला, तेवढ्यात माणसं उंचावर चढली असती. नकाशे काढण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे हे मी अजून शांतपणे सांगू शकत नाही. सहा वर्षांनी फिलिपिन्समध्ये पिनाटुबो त्याच्या कितीतरी पट मोठा फुटला, पण तिथे शास्त्रज्ञांचं ऐकलं गेलं, लोकांना आधी हलवलं आणि हजारो जीव वाचले.

प्रश्न : नोव्हेंबर २०२५मध्ये इथिओपियाची राख थेट दिल्लीपर्यंत आली, विमानं रद्द झाली. आम्ही किल्लारीचा भूकंप अनुभवलेला. सोलापुरात कधी ज्वालामुखी होईल का? थंडीत आमच्या बोअरचं पाणी कोमट येतं, म्हणून विचारतो. (गिरणीतले निवृत्त कामगार, सोलापूर)

काका, तो हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी, २३ नोव्हेंबरला फुटला. तिथे, अफार भागात, जमीन फाटत चालली आहे. राख खूप उंच गेली की वारा तिला हजारो किलोमीटर नेतो. विमानं रद्द करतात कारण ती काचेची पूड इंजिनाच्या आगीत वितळते आणि आतल्या पात्यांवर चिकटते. १९८२ साली इंडोनेशियावर एका जंबो विमानाची चारही इंजिनं अशा राखेत बंद पडली होती. पुढे ती पुन्हा चालू झाली आणि सगळे सुखरूप उतरले.

आता सोलापूर. आपल्या शहरात शाळेच्या गणवेशांची शिलाई घरोघर चालते, तिथलंच उदाहरण घ्या. मशीनची सुई एकाच जागी वरखाली होते, कापड पुढे सरकतं आणि मागे टाक्यांची ओळ उरते. दख्खनला लाव्हारस देणारा तप्त भाग तसाच खोलवर राहिला आणि भारत त्याच्यावरून उत्तरेकडे निघून आला. टाके समुद्रात दिसतात : लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी ओळ. सुई आज आहे रियुनियन बेटाखाली, आणि तिथला पिटाँ द ला फुर्नेझ अजून वरचेवर वाहतो. आपण सुईखालून केव्हाच पुढे आलो. भारताचा आजचा जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातला बॅरन बेटावरचा. दीडशेहून जास्त वर्षं निजून तो १९९१ साली पुन्हा जागा झाला.

किल्लारीची आठवण मलाही आहे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र संपत आलेली, पहाटे चारच्या सुमारास भांड्यांच्या आवाजाने उठले. नंतर कित्येक दिवस खेड्यांतून निरोप यायचे, जमिनीतून धूर निघतोय, ताई, खाली ज्वालामुखी पेटलाय का बघा. आम्ही तापमापक घेऊन विहिरी फिरलो. पाणी नेहमीइतकंच, सत्तावीस-अठ्ठावीस अंश. तो भूकंप खालच्या जुन्या खडकात साठलेला ताण सुटल्यामुळे झाला, त्यात लाव्ह्याचा संबंध नाही. तुमच्या बोअरचं पाणीही बारा महिने साधारण तेवढंच असतं. डिसेंबरच्या पहाटे हवा गार, म्हणून ते कोमट लागतं. मे महिन्यात तेच पाणी तुम्हाला गार वाटेल. निर्धास्त आंघोळ करा.

प्रश्न : लोणारचं सरोवर हे ज्वालामुखीचं मुख आहे ना? आणि हिमाचलातल्या ज्वालामुखी देवीच्या ज्योती? (गृहिणी, अक्कलकोट)

दोन्ही नाहीत, ताई. लोणार ज्वालामुखीचं आहे असं पूर्वी बरेच जण मानायचे. पण तिथल्या खडकात नुसत्या आघातानेच होतात असे काचेचे बदल सापडले आणि ते उल्केमुळे झालं हे पक्कं झालं. खड्डा मात्र आपल्याच बेसाल्टात पडलाय. कांगड्याच्या देवळातल्या ज्योती जमिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या. देवीचं नाव आणि डोंगराचं नाव एकच, एवढंच नातं.

प्रश्न : चंद्रावर आणि दुसऱ्या ग्रहांवर ज्वालामुखी असतात का? (इयत्ता सहावी, पंढरपूर)

असतात, आणि काही तर आपल्याहून मोठे. पुढच्या पौर्णिमेला गच्चीवर जा आणि चंद्रावरचा ससा शोध. तो ससा म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची मैदानं आहेत, बहुतेक तीनशे कोटी वर्षांहून जुनी. १९६९ साली अपोलो ११च्या यात्रींनी तिथला दगड आणला, तो बेसाल्ट निघाला. तुझ्या आजीकडे पाटा-वरवंटा किंवा जातं असेल तर हात लावून बघ, तीच जात.

मंगळावरचा ऑलिम्पस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंच आहे, एव्हरेस्टच्या अडीच पट. त्याचा घेर असा की एका कडेला मुंबईचं स्टेशन ठेवलं तर रेल्वेने सोलापूरला पोचलास तरी दुसरी कड यायची असते, कारण तो ६०० किलोमीटर रुंद आहे. एवढा का वाढला? तिथे कापड सरकतच नाही. सुई एकाच जागी टाके घालत राहिली आणि ढीग झाला. शुक्रावरही बेसाल्टची मैदानं आहेत. मॅगेलन यानाने १९९१ साली घेतलेल्या प्रतिमा कितीतरी वर्षांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा आठ महिन्यांत एक मुख मोठं झालेलं दिसलं. ते २०२३ साली जाहीर झालं.

पण माझा सगळ्यात आवडता गुरूचा चंद्र आयो. लोखंडी तार घे आणि एकाच जागी उलटसुलट वाकवत राहा. दहा-बारा वेळा वाकवल्यावर वाकलेल्या जागी हलकेच बोट लाव. चटका बसेल, जपून. आयोचं तसंच होतं. एकीकडून गुरू ओढतो, दुसरीकडून युरोपा आणि गॅनिमीड हे शेजारचे चंद्र, त्यामुळे त्याची कक्षा गोल होत नाही आणि तो सतत दाबला-ताणला जातो. आत उष्णता तयार होते, खडक वितळतो. मार्च १९७९मध्ये तीन शास्त्रज्ञांनी हे गणिताने मांडलं की आयो आतून वितळलेला असावा. थोड्याच दिवसांत व्हॉयेजर १ यान तिथून गेलं. ८ मार्चच्या एका छायाचित्रात लिंडा मोराबिटो या अभियंतीला आयोच्या कडेवर छत्रीसारखा एक फिकट ढग दिसला. ती खरं तर यानाची दिशा तपासण्यासाठी मागचे तारे शोधत होती. तो ढग म्हणजे पृथ्वीबाहेर चालू असलेला, माणसाने पाहिलेला पहिला ज्वालामुखी. आज आयोवर चारशेहून जास्त जागे ज्वालामुखी माहीत आहेत.

शनीच्या एन्सेलाडस चंद्रावर तर बर्फाच्या भेगांतून पाणी उडतं. खडकाच्या जागी बर्फ, लाव्ह्याच्या जागी पाणी. कॅसिनी यानाने ते २००५ साली पाहिलं.

प्रश्न : सोबत पांढरा चमकणारा दगड पाठवला आहे. बोअरच्या चुऱ्यात सापडला. हिरा आहे का? (माढा तालुका)

हिरा नाही. हा स्टिल्बाइट, झिओलाइट कुळातला स्फटिक. मांजऱ्याची ती भोकं आठवा. लाव्हा थंड झाल्यावर त्यांच्यातून गरम पाणी झिरपलं आणि खनिजं थराथराने साचत गेली. भिंगाखाली याची पाती गव्हाच्या पेंढीसारखी मधे बांधल्यागत दिसतात, तीच याची ओळख. चुऱ्यात असा अखंड तुकडा सहसा हाती लागत नाही, ड्रिलखाली भुगा होतो. कापसात गुंडाळून परत पाठवते आहे, आणि बोअर किती फुटांवर असताना मिळाला तेवढं कळवा. माझ्या नोंदवहीत लिहून ठेवायचं आहे.